गृहनिर्मित हलक्या विमानांचे वजन व समतोल

हौशी व्यक्तीने घरी, गॅरेजमध्ये किंवा शेतावरील छपराखाली स्वतः बांधलेल्या लहान विमानाचे एकूण वजन किती भरते, त्या वजनाचा गुरुत्वमध्य कोठे येतो आणि वैमानिक, उतारू, सामान व इंधन यांच्या बदलत्या भाराबरोबर तो ठराविक मर्यादेत कसा राखता येतो, यासंबंधीचे शास्त्र व व्यवहार. कारखान्यात एका नमुन्याची शेकडो विमाने तयार होतात तेव्हा त्यांची वजने एकमेकांच्या बरीच जवळ असतात आणि आवश्यक ती आकडेमोड अभियंत्यांनी अगोदरच केलेली असते. गृहनिर्मित विमानाचे तसे नसते. एकाच आराखड्यावरून दोघांनी बांधलेल्या विमानांच्या वजनांत बराच फरक पडू शकतो. एकाने थोडे जाड प्लायवुड वापरलेले असते, दुसऱ्याने रंगाचे दोन हात अधिक दिलेले असतात वा वेगळेच एंजिन बसविलेले असते. आराखड्यातून विमानाचा आकार एकाकडून दुसऱ्याकडे जातो, समतोल जात नाही. तो प्रत्येक विमानात नव्याने काट्यावर शोधावा लागतो. ही साधी गोष्ट हौशी बांधणाऱ्यांत व त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या शासनांत रुजण्यास विसाव्या शतकाचा पूर्वार्ध जावा लागला.

तत्त्व : हवेत विमान त्याच्या गुरुत्वमध्याभोवती डोलते. वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक थोडे वर उचलले गेल्यास पंख व शेपूट यांवरील उचल बल वाढते. ही वाढ ज्या एका बिंदूवर एकवटली आहे असे मानता येते, त्यास उदासीन बिंदू म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल, तर वाढलेले बल नाक पुन्हा खाली आणते आणि विमान आपोआप सावरते. गुरुत्वमध्य त्याच्या मागे गेला, तर तेच बल नाक आणखी वर ढकलते व वैमानिकाला क्षणोक्षणी विमानाशी झुंजावे लागते.

गुरुत्वमध्य फार पुढे असल्यास विमान नाकजड होते. उतरताना नाक पुरेसे वर उचलता येत नाही, उतरण्याचा वेग वाढतो आणि शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाकावर उलटण्याची भीती असते. गुरुत्वमध्य मागे सरकल्यास नियंत्रण दांडा हाताला हलका लागतो, किंचित ओढताच नाक वर जाते, पंखावरील उचल एकाएकी नाहीशी होते आणि विमान गिरकी घेऊ लागते. अशी गिरकी आडवी झाली म्हणजे सुकाणूंचा उपयोग होत नाही. दोन्ही दोषांपैकी दुसरा अधिक घातक मानला जातो. नाकजडपणा निदान धावपट्टीवरून उठतानाच वैमानिकाच्या हाताला जाणवतो, शेपूटजडपणा पुष्कळदा विमान हवेत गेल्यावर उमगतो आणि तेव्हा जमीन दूर असते. हलक्या विमानाच्या पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी सव्वा ते दीड मी. असते आणि गुरुत्वमध्याला हिंडण्यास त्यातील फार थोडा भाग मोकळा असतो. तो पुष्कळदा वीतभरही नसतो.

आरंभीचे प्रयत्न : आल्फाँस पेनो या फ्रेंच संशोधकांनी १८७१ मध्ये पॅरिस येथे पिळलेल्या रबरावर चालणारे लहान नमुनाविमान उडविले. पंखाच्या मागे दूरवर आडवी फळी बसवून त्यांनी तोल आपोआप सावरला जाईल अशी रचना केली होती. माणूस वाहून नेणाऱ्या ग्लायडरमध्ये मात्र प्रथम वेगळा मार्ग चोखाळला गेला. जर्मन अभियंते ओटो लीलिएंटाल हे पंखांखाली लोंबकळून पाय व कंबर हलवीत आणि स्वतःचे शरीर हेच सरकते वजन म्हणून वापरीत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्यांच्या ग्लायडरचे नाक वर गेले. शरीर पुढे झोकूनही ते खाली येईना. ग्लायडर कोसळले व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. माणसाच्या शरीराच्या हालचालीने जेवढा फरक पडू शकतो त्याला मर्यादा आहेत, हे या अपघाताने दाखविले.

राइट बंधूंचे १९०३ चे विमान हे एका अर्थी पहिले यशस्वी गृहनिर्मित विमान होय, कारण त्याचे भाग ओहायओ राज्यातील डेटन येथील त्यांच्या सायकलींच्या दुकानात तयार झाले. आडव्या समतोलाचा विचार त्यांनी बारकाईने केला होता. वैमानिक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा पडत असे व एंजिन उजवीकडे होते. एंजिन वैमानिकापेक्षा काहीसे जड असल्याने उजवा पंख डाव्यापेक्षा सु. १० सेंमी. लांब ठेवला होता. लांबीच्या दिशेचा समतोल मात्र साधला नव्हता. वरखाली नेणारी फळी पंखांच्या पुढे होती आणि गुरुत्वमध्य उदासीन बिंदूच्या बराच मागे पडत होता. यामुळे १७ डिसेंबर १९०३ रोजीची चारही उड्डाणे खालीवर हेलकावे घेत झाली. सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंद टिकले व त्यात २६० मी. अंतर तोडले गेले.

१९०४ च्या विमानातही हे हेलकावे कायम राहिले. त्यावर उपाय म्हणून राइट बंधूंनी प्रथम वजन मागे सरकवून पाहिले. त्याने दोष वाढला. मग त्यांनी उलट दिशा धरली आणि विमानाच्या पुढच्या भागात सु. ३२ किग्रॅ. वजनाच्या लोखंडी पट्ट्या बांधल्या. ज्या यंत्रात प्रत्येक काठी हलकी करण्यासाठी धडपड चालली होती, त्यात निव्वळ मृत भार म्हणून लोखंड भरावे लागले, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९०५ च्या विमानात पुढची फळी मोठी करून ती पंखांपासून बरीच दूर नेली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर राइट यांनी सलग ३९ किमी. उड्डाण केले. १९११ मध्ये इंग्रज गणितज्ञ जी. एच. ब्रायन यांचा विमानाच्या स्थैर्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या प्रश्नाला गणिती पाया मिळाला. तथापि हौशी माणसाला पेलेल अशी ती मांडणी नव्हती.

आराखड्यांचा प्रसार : ब्राझीलचे आल्बेर्तू सांतुस-दूमाँ यांनी १९०७–०९ या काळात पॅरिस येथे ‘दम्वाझेल’ हे बांबू, कापड व तारा यांचे चिमुकले विमान सिद्ध केले. त्यावर त्यांनी एकस्व घेतले नाही आणि १९१० मध्ये त्याचे आराखडे एका अमेरिकन मासिकातून प्रसिद्ध झाले. सांतुस-दूमाँ अंगाने अगदी लहानखुरे होते व विमान त्यांच्याच मापाचे होते. आराखडा पाहून बांधणारा दुसरा माणूस तेवढ्याच वजनाचा असेल, याची कोणतीच शाश्वती नव्हती.

या संदर्भात सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) ‘एअर कँपर’ हे विमान. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यातील बर्नार्ड पीटनपोल या स्वशिक्षित यंत्रकाराने १९२९ च्या सुमारास त्यात फोर्ड मोटारगाडीचे ‘मॉडेल ए’ एंजिन बसविले. १९३२ मध्ये आराखडे मासिकाच्या वार्षिकात छापले गेले आणि मंदीच्या काळातही शेतकरी, सुतार, गॅरेजवाले यांनी ती विमाने बांधावयास घेतली. विमान लाकडी, दोन आसने एकामागे एक आणि पंख डोक्यावर चार लहान खांबांवर तोललेला. वैमानिक मागच्या आसनावर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या बराच मागे, बसे. ही रचना जुळत होती कारण पुढे सु. ११० किग्रॅ. वजनाचे, पाण्याने थंड होणारे ओतीव लोखंडाचे एंजिन होते. पुढे फोर्ड एंजिने जुनी झाली व बांधणारे सु. ७७ किग्रॅ. वजनाचे, हवेने थंड होणारे विमानाचे कॉन्टिनेंटल एंजिन बसवू लागले. एंजिन अधिक विश्वसनीय झाले, पण नाकावरील तीस-पस्तीस किग्रॅ. भार गेला व विमान शेपूटजड झाले. एंजिनाचे मूळ वजन ही उणीव नसून समतोलाचा भाग होता, हे एंजिन बदलल्याशिवाय लक्षात आले नाही.

वजन करण्याची रीत : असा दोष काट्यावर कसा दिसतो, हे याच धर्तीच्या एका काल्पनिक विमानाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. विमानाची शेपटी उचलून घोडीवर ठेवतात व पाणसळ लावून धड उड्डाणातल्याप्रमाणे सपाट करतात. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करतात. ही संदर्भरेषा होय. दोन्ही चाके व शेपूट यांखाली तीन काटे असतात. दार-खिडक्या बंद ठेवतात, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही काटा फसतो. समजा, डावे चाक १४० किग्रॅ., उजवे १४२ किग्रॅ. व शेपूट १५ किग्रॅ. दाखविते, चाकांचे आस संदर्भरेषेच्या ६ सेंमी. मागे आणि शेपटीचा टेकू ४२० सेंमी. मागे आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणले म्हणजे परिबल मिळते. परिबलांची बेरीज ७,९९२, एकूण वजन २९७ किग्रॅ.; भागाकार केल्यास रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या कडेमागे सु. २७ सेंमी. येतो.

आता १३० सेंमी. अंतरावरील आसनात ८० किग्रॅ. वजनाचा वैमानिक बसला आणि ४० सेंमी. अंतरावरील टाकीत ३० किग्रॅ. (सु. ४२ लि.) पेट्रोल भरले, तर एकूण वजन ४०७ किग्रॅ. होते व गुरुत्वमध्य ४८ सेंमी. वर जातो. १५२ सेंमी. रुंदीच्या पंखाच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ही मर्यादा धरल्यास तो ३८ ते ५१ सेंमी. यांच्या आत हवा. म्हणजे सर्व ठीक आहे. पेट्रोल संपत जाईल तसा तो जेमतेम पाऊण सेंमी. मागे सरकतो, तेही चालते. परंतु त्याच आसनात १०० किग्रॅ. वजनाचा माणूस बसल्यास एकूण वजन अवघे पाच टक्के वाढते, गुरुत्वमध्य मात्र ५२ सेंमी. वर, मर्यादेबाहेर जातो. पंख तेवढे वजन सहज उचलतो. विमान सावरत नाही ते वजनामुळे नव्हे, तर त्याच्या जागेमुळे. शेपटीचे गणित याहून कठोर आहे. ८० किग्रॅ. वजनाचाच वैमानिक असताना शेपटीकडे दणकट चाक व रंगाचा जादा थर मिळून केवळ २ किग्रॅ. वाढले, तरी गुरुत्वमध्य सु. २ सेंमी. मागे जातो, वैमानिक १० किग्रॅ. ने जड झाल्याइतकाच हा परिणाम आहे. त्याचा प्रतिकार नाकाजवळ, कडेच्या १०० सेंमी. पुढे, शिसे बांधून करावयाचा झाल्यास ५ किग्रॅ. शिसे लागते. म्हणून जाणते बांधकाम करणारे शेपटीकडील प्रत्येक खिळा तोलून पाहतात.

एअर कँपरच्या बाबतीत दोन उपाय रूढ झाले. एक म्हणजे हलके एंजिन लांब चौकटीवर आणखी पुढे नेणे. वरील उदाहरणात ८० किग्रॅ. चे एंजिन १० सेंमी. पुढे नेल्यास शेपटीवरील २ किग्रॅ. चे परिबल जवळजवळ फिटते. दुसरा उपाय अधिक चतुर होता. वजन हलविण्याऐवजी पंखच हलवावयाचा. पंख तोलणारे खांब मागे कलते करून पंख ८ ते १० सेंमी. मागे घेतला की, गुरुत्वमध्य पंखाच्या मानाने तेवढाच पुढे आल्यासारखा होतो आणि विमानात एक ग्रॅमही वाढत नाही.

‘आकाशातील पिसू’ : फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये ‘पू द्यू स्येल’ (आकाशातील पिसू) हे विमान उडविले आणि पुढील वर्षी त्याच्या बांधणीवर पुस्तक लिहिले. कोणताही सामान्य माणूस घरगुती हत्यारांनी हे विमान बांधून स्वतःच उडविण्यास शिकेल, अशी त्यांची भूमिका होती. १९३५ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले, मिन्ये यांनी स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून दाखविली आणि ब्रिटनमध्ये ‘पिसू’ बांधण्याची लाटच आली. एकामागे एक असे दोन पंख, त्यांपैकी पुढचा बिजागरीवर हलणारा, अशी ही रचना होती. बांधणाऱ्यांनी मोटारसायकलच्या एंजिनापासून फोर्ड गाडीच्या सुधारून घेतलेल्या एंजिनापर्यंत हाती येईल ते बसविले. त्यामुळे कोणत्याही दोन ‘पिसवां’चे वजन वा गुरुत्वमध्य सारखा राहिला नाही.

१९३६ मध्ये काही विमाने सूर मारून सरळ जमिनीवर आदळली व वैमानिक ठार झाले. ब्रिटनमधील फार्नबरो व फ्रान्समधील शाले-मदाँ येथील मोठ्या वातविवरांत प्रत्यक्ष विमान ठेवून चाचण्या घेण्यात आल्या. विमान सु. १५ अंशांपेक्षा अधिक खाली झुकल्यावर दांडा पूर्ण ओढूनही नाक वर येत नाही, असे आढळले. पुढच्या पंखाची मागची कड व मागचा पंख यांमधील फटीतून वाहणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवी आणि नाक आणखी खाली दाबले जाई. ब्रिटिश शासनाने उड्डाणाची परवानगी देणे थांबविले. या अपघातांचे खापर पुष्कळदा बांधणाऱ्यांच्या अडाणी वजनमापावर फोडले जाते, ते सर्वस्वी योग्य नाही; मुख्य दोष आराखड्यातील दोन पंखांच्या परस्पर परिणामाचा होता व मिन्ये यांनी नंतर तो दुरुस्त केला. पण प्रत्येक ‘पिसू’चे वजन व भाररचना वेगळी असल्याने दोष कोठे सुरू होतो हे कोणासच सांगता येत नव्हते, हेही तितकेच खरे.

नियमन : अ. सं. सं. मध्ये १९२६ च्या हवाई वाणिज्य अधिनियमानंतर आणि राज्यांनी केलेल्या कायद्यांमुळे गृहनिर्मित विमानांना बहुतेक ठिकाणी बंदीच झाली; ऑरेगन राज्यात ती परंपरा टिकून राहिली. तेथील जॉर्ज बोगार्डस यांनी १९४७ मध्ये स्वतःचे छोटे विमान उडवीत राजधानी वॉशिंग्टन गाठून हौशी बांधणाऱ्यांची बाजू मांडली. १९५२ मध्ये ‘प्रायोगिक, हौशी-निर्मित’ असा स्वतंत्र वर्ग मान्य झाला. १९५३ च्या जानेवारीत पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे प्रायोगिक विमान संघटना स्थापन केली. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये अशीच संघटना निघाली होती.

या व्यवस्थेचा गाभा असा की, विमान सुरक्षित आहे हे शासन प्रमाणित करीत नाही; बांधणाऱ्याने वजन करून, मर्यादा लिहून व प्रत्यक्ष उडवून ते सिद्ध करावयाचे असते. अमेरिकन नियमांनुसार मान्यताप्राप्त एंजिन व पंखा असल्यास २५ तास, एरवी ४० तास विमान वस्तीपासून दूर, उतारूविना उडवावे लागे. या काळात वाळूच्या पिशव्या बांधून भार हळूहळू वाढवितात आणि गुरुत्वमध्य थोडाथोडा मागे नेऊन पाहतात. माणसाचे वजन १७० पौंड (सु. ७७ किग्रॅ.) धरण्याचा जुना प्रघात येथे कामाचा नाही, लहान विमानात बसणाऱ्याचे खरे वजनच घ्यावे लागते.

उलटी रचना : १९७५ मध्ये बर्ट रुटान यांचे ‘व्हेरी-ईझी’ हे विमान उडाले. फेसाळ प्लॅस्टिकवर काचतंतू चढवून ते बनवीत. मुख्य पंख मागे, लहान आडवा पंख पुढे आणि एंजिन शेवटी, विमानाला मागून ढकलणारे. येथे वैमानिक गुरुत्वमध्याच्या पुढे बसतो. त्यामुळे एअर कँपरच्या नेमके उलट, किरकोळ अंगाचा वैमानिक बसला की गुरुत्वमध्य मागे जातो व नाकात शिसे ठेवावे लागते. रिकामे विमान तर जमिनीवर मागे कलंडेल. म्हणून पुढचे चाक आत ओढून ते बसत्या उंटासारखे नाक टेकून उभे करतात. पुढचा लहान पंख मुख्य पंखाआधी उचल गमावतो व नाक आपोआप खाली येते, हा या रचनेचा मोठा गुण सांगितला जातो. पण गुरुत्वमध्य मर्यादेत असेल तोवरच तो टिकतो. तो फार मागे गेल्यास मुख्य पंखच आधी उचल गमावू शकतो. याच मालिकेतील ‘लाँग-ईझी’वर आधारित एक संशोधन विमान बंगलोर येथील राष्ट्रीय वैमानिकीय प्रयोगशाळेने १९८०–९० या दशकात तयार केले. १९७०–८० या दशकात जिम बीड यांच्या ‘बीडी-५’ या चिमुकल्या विमानाचे अनेक खरेदीदार एंजिन पुरविणारा कारखाना बंद पडल्याने अडकले होते. ज्यांनी वैमानिकामागील जागेत जड मोटारगाडीचे एंजिन बसविले त्यांना समतोलाचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला.

रुटान यांनीच आखलेले ‘व्हॉयेजर’ हे विमान कॅलिफोर्नियातील मोहावी येथे थोड्या माणसांनी बांधले. १४ ते २३ डिसेंबर १९८६ या काळात डिक रुटान व जीना येगर यांनी त्यातून न थांबता व इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. उड्डाणसमयीच्या सु. ४,४०० किग्रॅ. वजनापैकी सु. ३,१८० किग्रॅ. इंधन होते व ते १७ टाक्यांत विभागलेले होते. धावपट्टीवर इंधनाच्या भाराने पंखांची टोके लवून जमिनीला घासली. पुढचे नऊ दिवस वैमानिकांना एका टाकीतून दुसरीत इंधन फिरवीत तोल राखावा लागला. समतोलाचा हिशेब येथे एकदाच करावयाचा कागद न राहता उड्डाणभर चालणारे काम झाले.

महाराष्ट्रात मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले व २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. आसनांची संख्या वाढली की केवळ वैमानिक बसलेला असताना आणि सर्व आसने भरलेली असताना गुरुत्वमध्यात पडणारे अंतर वाढते, म्हणून अशा विमानात दोन्ही टोकांच्या भारस्थितींची पडताळणी करावी लागते.

अलीकडे स्प्रिंगच्या काट्यांची जागा विद्युतीय भारमापकांनी घेतली असून आकडेमोड संगणकावर होते. रीत मात्र तीच आहे : पाणसळ, ओळंबा, तीन वजने व तीन अंतरे. एंजिन, पंखा किंवा विद्युत घट बदलल्यास अथवा विमान पुन्हा रंगविल्यास जुना तक्ता रद्द समजून नवा करतात. पीटनपोल यांच्या आराखड्यावरून अजूनही विमाने बांधली जातात. अशी दोन विमाने शेजारी उभी असली, तर पंख तोलणारे खांब एकात सरळ व दुसऱ्यात मागे कललेले दिसतात. खांबांच्या या कलावरून पुढे कोणते एंजिन आहे व मागच्या आसनावर बसणारा किती वजनदार आहे, याचा अंदाज जाणकाराला बांधता येतो.